लढाई सुरू झाली की रात्र संपते: डी अँड डीमधला रेंगाळणारा कॉम्बॅट सोडवायचा कसा

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रंगवायच्या खेळात लढाई रेंगाळते, आणि लक्षण बहुतेक टेबलांवर एकच असतं. रविवारी चारला खेळ सुरू होतो, गोष्ट रंगते, साडेपाचला गॉब्लिन (छोटे राक्षस) समोर येतात आणि इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाईत कुणाची पाळी कधी हे ठरवणारा फासा, पडतो. साडेसातला खानापूरची गाडी गाठायची म्हणून दोघे उठतात, तेव्हा तिसरीच फेरी (सगळ्यांची एकेक पाळी) चाललेली असते. पुढच्या बैठकीत कुणाचे किती एचपी (हिट पॉइंट, म्हणजे शिल्लक जीव) उरले होते हे कुणालाच आठवत नाही. मग मास्टर, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा, लढाईच टाळायला लागतो आणि फायटर (लढवय्या पात्र) घेऊन बसलेल्या खेळाडूला करायला काही उरत नाही.

खालचे इलाज डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीसाठी आहेत, २०१४ च्या नियमांप्रमाणे. २०२४ च्या सुधारित नियमांनी ढकलण्याचा हिशोब बदलतो, तो तिथे सांगितलाय. राक्षसांचे आकडे एसआरडी ५.१ या नियमांच्या दस्तऐवजातले आहेत. तो दस्तऐवज जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर फुकट मिळतो, त्यामुळे पुस्तक नाही म्हणून अडायचं कारण नाही. मात्र छापून ठेवा. पावसाळ्यात लाईट जाते, मोबाईलचं चार्जिंग संपतं आणि ओगर या धिप्पाड राक्षसाचं पान नेमकं तेव्हाच लागतं.

आधी घड्याळ लावा

लढाई लांबली की पहिला सल्ला मिळतो तो राक्षसांचे एचपी निम्मे करण्याचा. हा सल्ला बऱ्याचदा चुकीच्या दुखण्यावरचं औषध असतो. हिशोब करून बघा. चार खेळाडू, प्रत्येकाचा टर्न (पाळी) तीन मिनिटांचा, म्हणजे १२ मिनिटं. मास्टरचे सहा गॉब्लिन, प्रत्येकी दीड मिनिट, म्हणजे ९. एक फेरी २१ मिनिटांची झाली आणि पाच फेऱ्यांना पावणेदोन तास लागले. आता एचपी निम्मे करून लढाई तीन फेऱ्यांवर आणली, तरी तासाच्या वर ३ मिनिटं जातातच. त्याऐवजी राक्षसांना हात न लावता खेळाडूचा टर्न एका मिनिटावर आणि सगळ्या गॉब्लिनांचा मिळून तीन मिनिटांवर आणला, तर फेरी ७ मिनिटांत होते आणि त्याच पाच फेऱ्या ३५ मिनिटांत संपतात.

म्हणून एक लढाई नुसती मोजा. प्रत्येक फेरी सुरू झाली की कागदावर वेळ टाका, दुसरं काही बदलू नका. फेरीला १२ मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर दुखणं टर्नमध्ये आहे. फेऱ्या झटपट होतात पण सहा-सात फेऱ्या चालतात, तर दुखणं आकड्यांत आहे. वेळ आणि फेऱ्या दोन्ही ठीक असूनही सगळे मोबाईल बघत बसलेत, तर दुखणं नकाशात आहे.

टर्न कुठे अडतो

जास्तीत जास्त वेळ फासे टाकण्यात जात नाही, "कुणाचा टर्न हाय आता?" आणि "थांब की, बघतो जरा" यात जातो. खेळाडू आपला टर्न आल्यावर विचार सुरू करतो, कारण तो येतोय हे त्याला माहीतच नसतं.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. प्रत्येक चिमट्यावर पेनाने एकेका पात्राचं नाव लिहा आणि इनिशिएटिव्ह पडला की एका पुठ्ठ्याच्या वरच्या कडेला त्या क्रमाने लावा. पुठ्ठा मास्टरच्या पडद्याआड नको, सगळ्यांना दिसेल असा उभा करा. मास्टरने प्रत्येक वेळी दोन नावं घ्यायची: आत्ता कोण आणि त्याच्यानंतर कोण. दुसरं नाव ऐकलेल्या माणसाने तेव्हाच ठरवायचं, मंत्राचा नियम वाचायचा असेल तर तेव्हाच वाचायचा. टर्न आल्यावर दहा सेकंदांत काही सांगितलं नाही, तर पात्र डॉज करतं (अंग चुकवतं) असं धरा. डॉज ही शिक्षा नाही, कारण त्यावरच्या हल्ल्यांना डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून लहान धरायचा) मिळतो. टर्न वाया जात नाही आणि टेबल थांबत नाही.

हल्ल्याचा डी२० (वीस बाजूंचा फासा) आणि नुकसानीचा फासा एकत्र टाकण्याची सवय लावा. वार चुकला तर दुसरा फासा बघायचाच नाही.

मास्टरकडून होणारी चूक वेगळी आहे. सहा गॉब्लिनांसाठी सहा इनिशिएटिव्ह टाकले जातात, आणि नियमच सांगतो की एकसारख्या राक्षसांच्या गटासाठी एकच इनिशिएटिव्ह टाकायचा. नुकसानही टाकू नका, कंसाआधी छापलेली सरासरी वापरा: गॉब्लिनची ५, ओगरची १३. गॉब्लिन फारच असतील तर डंजन मास्टरच्या पुस्तकातला जमावाचा ऐच्छिक नियम घ्या. गॉब्लिनचा हल्ला +४ (फाशात मिळवायचे), समोर एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १६, म्हणजे फाशावर १२ लागतात. ६ ते १२ लागत असतील तर दर दोन हल्लेखोरांमागे एक वार लागला असं धरायचं. सहा गॉब्लिन, तीन वार, १५ नुकसान, मास्टरचा टर्न अर्ध्या मिनिटात संपला.

आकड्यांच्या ऐकण्यात होणारा घोळ आपल्या मराठी-कन्नड सीमाभागातल्या टेबलांवर जास्त होतो आणि तो किरकोळ नाही. मराठीत एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी, तर कन्नडमध्ये इप्पत्तोंबत्तु म्हणजे वीस आणि नऊ. कन्नड माध्यमात शिकलेल्याला घाईत "एकोणतीस नुकसान" ऐकून त्यातला "तीस" तेवढा लक्षात राहतो आणि कागदावर ३१ नाहीतर ३९ पडतं. मग दोन फेऱ्यांनी हिशोब जुळत नाही, वाद होतो आणि पाच मिनिटं जातात. मधे एक पाटी ठेवा. राक्षसाला झालेलं एकूण नुकसान खडूने त्यावर लिहायचं, आणि लिहायचं काम मास्टरने नाही, ज्याचा टर्न आत्ताच संपला त्याने करायचं. उरलेले एचपी लिहू नका, ते मास्टरजवळ राहू देत.

सगळे खिळल्यासारखे का उभे राहतात

पहिल्या फेरीत सगळे धावत जाऊन भिडतात आणि मरेपर्यंत त्याच घरात उभे राहून घाव घालतात. या दुखण्याचं मूळ बहुधा एकाच चुकीच्या वाचलेल्या नियमात असतं: "शत्रूजवळून हललं की अपॉर्च्युनिटी अ‍ॅटॅक बसतो."

नियम तसा नाही. शत्रूच्या पोहोचेतून बाहेर पडताना तो हल्ला मिळतो, आत राहून हलताना नाही. गॉब्लिनची पोहोच ५ फूट, म्हणजे त्याच्या भोवतीची आठ घरं. त्या आठ घरांत तुम्ही त्याच्याभोवती पूर्ण चक्कर मारलीत तरी तो काही करू शकत नाही, फक्त त्या वाटेवर दुसऱ्या शत्रूची पोहोच सुटत नाही एवढं बघायचं. शिवाय त्या हल्ल्याला रिअ‍ॅक्शन (एखाद्या घटनेवरची झटपट कृती) लागते आणि ती पुढचा टर्न येईपर्यंत एकच असते. कुणी ढकललं किंवा जादूने जागा बदलली तर हल्ला मिळतच नाही. आणि ३० फुटांची चाल एकदम संपवावी लागत नाही: दोन घरं चाला, वार करा, उरलेली चार घरं मागे या.

मग निघताना किंमत किती पडते? एसी १६ च्या पात्राला गॉब्लिनचा वार ४५ टक्के वेळा लागतो आणि सरासरी ५ जातात, म्हणजे सव्वादोन एचपी. एवढ्यासाठी जागेवर गोठून राहण्यात अर्थ नाही. ओगरची गोष्ट वेगळी, त्याचा वार ५५ टक्के वेळा लागतो आणि दर सुटकेला सरासरी सात एचपी पडतात, तिथे विचार करा. पण एक रिअ‍ॅक्शन गेली की गेली, म्हणून सगळ्यात जास्त एसीवाल्याने आधी निघायचं. ढालवाल्याचा एसी १८ असेल आणि त्याने त्या टर्नला डॉज घेतला असेल, तर गॉब्लिनला दोन फाशांपैकी लहान फाशावर १४ हवेत, म्हणजे शंभरात बाराच वेळा. गॉब्लिनाने आपली रिअ‍ॅक्शन त्याच्यावर घालवली की मागून विझार्ड (जादूगार) आणि क्लेरिक (पुजारी) फुकटात निघून जातात. न घालवणारा शहाणा मास्टरही असतो, पण मग ढालवाला तरी ओरखडा न लागता पार होतो.

मास्टरनेही गॉब्लिन उभा ठेवू नये. त्याच्या पानावर लिहिलंय की बोनस अ‍ॅक्शनने (टर्नमधल्या जादा छोट्या कृतीने) तो डिसएंगेज (हल्ला न ओढवता निसटणं) किंवा हाइड (लपणं) करू शकतो, दर टर्नला. वार करायचा आणि झुडपात पळायचं, असा तो प्राणी आहे. उभा राहून मार खाणारा गॉब्लिन म्हणजे पान न वाचता चालवलेला गॉब्लिन.

दुसरं कारण फ्लँकिंग. शत्रूच्या दोन बाजूंना समोरासमोर दोघे उभे राहिले की अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा), हा नियम ऐच्छिक आहे, पण बऱ्याच टेबलांवर तो मूळ नियम समजून चालतो. ५५ टक्के लागणारा वार अ‍ॅडव्हान्टेजने ८० टक्के लागतो. एवढा मोठा फायदा नुसत्या उभं राहण्याने मिळत असेल, तर शत्रूला पाडणं, लपणं, हेल्प करणं कोण कशाला करेल? सगळे जोडीजोडीने चिकटतात आणि रांग लागते. फ्लँकिंग बंद करा. बंद करणं अगदीच नको वाटत असेल तर अ‍ॅडव्हान्टेजऐवजी +२ द्या, ५५ चे ६५ टक्के होतात आणि बाकीचे डावही जिवंत राहतात.

थांबून राहणं म्हणजे "मी नंतर खेळतो" ही जुन्या आवृत्तीतून आलेली सवयही इथे चालत नाही. पाचव्या आवृत्तीत टर्न पुढे ढकलता येत नाही. रेडी घेता येतो, त्यासाठी अ‍ॅक्शन (टर्नची मुख्य कृती) जाते, कशावर काय करणार हे आधीच सांगावं लागतं आणि वेळ आली की रिअ‍ॅक्शन खर्च होते.

एसी वाढवू नका, एचपी वाढवा

"पार्टी (खेळाडूंची टोळी) जोरात आहे, राक्षस कठीण करू" म्हणून मास्टर एसी चढवतो. लढाई कंटाळवाणी करायचा हा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे. तिसऱ्या लेव्हलचे चार जण, प्रत्येकाचा एक हल्ला +५ ने, नुकसान १डी८+३ (आठ बाजूंचा एक फासा अधिक ३) असं धरा. ओगरचा एसी ११, एचपी ५९. वार ७५ टक्के लागतात, क्रिटिकल (फाशावर २० पडले की नुकसानीचे फासे दुप्पट) धरून चौघांचे मिळून फेरीला साधारण २३ जातात, तिसऱ्या फेरीत ओगर आडवा. आता त्याच ओगरला एसी १८ द्या. वार ४० टक्क्यांवर येतात, फेरीला १३ जातात आणि पाच फेऱ्या लागतात. त्या पाच फेऱ्यांत दहापैकी सहा वेळा खेळाडू "चुकला" एवढंच ऐकतो.

एसी ११ च ठेवून एचपी १०० केले तरी पाच फेऱ्याच लागतात. पण चारपैकी तीन वार लागतात, पाटीवरचा आकडा हलतो, ओगर रक्तबंबाळ होत जातो. वेळ तेवढाच, खेळ वेगळा. तेव्हा कठीण करायचं तर एचपी वाढवा किंवा जोडीला चार गॉब्लिन द्या. तिसऱ्या लेव्हलच्या चौघांसाठी एक ओगर आणि चार गॉब्लिन म्हणजे एक्सपी (अनुभवाचे गुण) ४५० अधिक २००, म्हणजे ६५०, पाच राक्षसांसाठी दुप्पट धरून १३००. मर्यादा मध्यमला ६००, अवघडला ९०० आणि जीवघेण्याला १६००. म्हणजे अवघड, पण जिंकता येण्यासारखी.

खेळाडूंकडून होणारी उलट चूक म्हणजे मार वाटून घालणं. निम्म्या एचपीचा ओगरही पूर्ण ताकदीने मारतो. दोन ओगर समोर असतील आणि चौघांनी एकावरच तुटून पडलात, तर पहिला तिसऱ्या फेरीत पडतो आणि दोघांचे मिळून सात हल्ले होतात. दोघांवर सारखा मार वाटलात तर दोघेही पाच फेऱ्या उभे राहतात, दहा हल्ले होतात. तीन जादा हल्ल्यांचे सरासरी २१ एचपी, आणि कॉन (काटकपणा) +२ असलेल्या तिसऱ्या लेव्हलच्या फायटरकडे असतात २८.

नकाशा: गोकाकचा पूल

झुलत्या पुलावरची लढाई प्रत्येकाला हवी असते आणि आपल्याला लांब जावं लागत नाही, बेळगाव जिल्ह्यात गोकाकला घटप्रभेवर तो आहेच. पण नुसता अरुंद पूल नकाशावर काढलात तर पुढचे दोघे लढतात आणि मागचे तिघे बघत बसतात. किल्ल्याच्या दरवाजातल्या लढाईचं दुखणंही हेच. पुलाला दुसरी वाट द्या. उन्हाळ्यात गोकाकला पाणी आटलं की धबधब्याच्या वरचा खडक उघडा पडतो, तो उन्हाळा नकाशात घ्या. पूल दोन घरं रुंद, आणि शेजारी खडकांचा पट्टा, जिथे एका घराला दोन घरांची चाल लागते. चार मोठे दगड ठेवा, त्यांच्याआड एसीला +२. आता तिरंदाजाला जागा आहे, रोगला (चोरट्या पात्राला) वाट आहे आणि पुलावरच्यांना पाठीमागची काळजी आहे.

आणि कडा आहे. गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर, म्हणजे १७० फूट. पडल्याचं नुकसान दर १० फुटांना १डी६, म्हणजे १७डी६, सरासरी ५९.५. ओगरचे एचपी ५९. काठावर उभा असलेला ओगर, ढकलणं जमलं तर, निम्म्या वेळा संपतो.

ढकलायचं कसं ते नीट बघा, कारण इथे फार चुका होतात. ढकलणं एका हल्ल्याच्या जागी होतं. समोरचा तुमच्यापेक्षा एकाच आकाराने मोठा चालतो; ओगर लार्ज, माणूस मीडियम, म्हणजे चालतं. तुमची अ‍ॅथलेटिक्स विरुद्ध त्याची अ‍ॅथलेटिक्स किंवा अ‍ॅक्रोबॅटिक्स, त्याला हवी ती. फायटरचे +५, ओगरचे +४, बरोबरी झाली तर ओगर जागेवरच. जमण्याची शक्यता साडेबावन्न टक्के. आधी कुणी हेल्प घेतली असेल तर अ‍ॅडव्हान्टेजने ६९. जमलं तर ओगर एक घर मागे जातो, एकच. म्हणून तो काठाला चिकटून उभा असायला हवा. २०२४ च्या नियमांत ही झटापट नाही. समोरच्याने स्ट्रेंथ किंवा डेक्स (चपळाई) सेव्ह, म्हणजे वाचण्याचा फासा, टाकायचा, डीसी (गाठायचा आकडा) ८ अधिक तुमची स्ट्रेंथ अधिक प्रोफिशिएन्सी (लेव्हलप्रमाणे मिळणारी भर). याच फायटरसाठी तो १३ येतो आणि ओगर ६० टक्के वेळा वाचतो.

ओगरही खेळाडूंना ढकलू शकतो हे मास्टरने बैठकीआधी सांगावं. २८ एचपीचा फायटर १७० फूट पडला तर सरासरी ५९ लागतात. शून्याखाली उरलेलं नुकसान ३१, ते त्याच्या २८ च्या वर, म्हणजे डेथ सेव्हसुद्धा (मरणातून वाचण्याचा फासा) नाही, जागीच मृत्यू. खालच्या लेव्हलच्या पार्टीसाठी २० फुटांवर एक कपार काढा, पडलेल्याला २डी६ आणि वर चढण्यात एक टर्न. भीती राहते, पात्र हातचं जात नाही.

नकाशासाठी चटई विकत घ्यायची गरज नाही. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी चिकटवा. कॅरमच्या सोंगट्या प्यादी म्हणून वापरणार असाल तर घरं नेहमीच्या एका इंचाची नकोत, सोंगटी जेमतेम ३ सेंटिमीटरची असते आणि घराबाहेर जाते. घर साडेतीन सेंटिमीटरचं आखा. ओगर दोन बाय दोन घरांचा, त्याला ७ सेंटिमीटरचं बरणीचं झाकण बरोबर बसतं. काळ्या सोंगट्या गॉब्लिन, पांढऱ्या पार्टी, राणी ज्याच्याकडे कॉन्सन्ट्रेशन (लक्ष धरून चालू ठेवायची जादू) चालू आहे तो. हे शेवटचं विसरू नका: राणी दिसली की मास्टरला आठवतं, वार लागला की कॉन सेव्ह, डीसी १० किंवा नुकसानीच्या निम्मे यातलं जे जास्त ते. दोन वार लागले तर दोन सेव्ह.

निकाल लागल्यावरही चाललेली लढाई

ओगर पडला, चारपैकी दोन गॉब्लिन उरले, पार्टीला फारसं काही झालेलं नाही. इथून पुढची वीस मिनिटं कुणालाच नको असतात. गॉब्लिनांनाही नको असतात. ऐच्छिक नियमात सोय आहे: म्होरक्या पडला की विस्डम (शहाणपण) सेव्ह, डीसी १०. गॉब्लिनची विस्डम -१, फाशावर ११ लागतात, म्हणजे निम्म्या वेळा गॉब्लिन पळतो. ज्यांचा सेव्ह जमतो त्यांनी हत्यार टाकून बोलणी करावीत असंही चालतं. पकडलेला गॉब्लिन पुढच्या बैठकीची सुरुवात करून देतो.

लढाई सुरू होतानाच मास्टरने स्वतःसाठी एक ओळ लिहून ठेवावी: शत्रूला काय हवंय. पूल तोडायचाय, पोतं पळवायचंय, कैद्याला सोडवायचंय. ते मिळालं की ते निघून जातात, आणि मिळणार नाही हे कळलं तरी निघून जातात. एवढी ओळ असली की "आता यांनी काय करायचं" हा मास्टरचा विचारही वाचतो, आणि त्याच्या टर्नची मिनिटंही.

सात-आठ खेळाडू असलेल्या टेबलावर हे सगळं करूनही फेरी दहा मिनिटांखाली येत नाही. तिथे उजव्या-डाव्या शेजाऱ्यांच्या जोड्या लावा, एकाचा टर्न चालू असताना दुसऱ्याने त्याचे फासे मोजायचे आणि पाटीवर लिहायचं. तरीही जमत नसेल तर दोन टेबलं करा, एक शनिवारी, एक रविवारी.